मय्यतीची खबर, अफवा आणि आपला ग्रुप: मोबाईलवरची जमात सांभाळायची कशी?

गेल्या वर्षीची गोष्ट. फजरच्या वेळी आमच्या खाला अल्लाहला प्याऱ्या झाल्या. मशिदीच्या भोंग्यावरून एलान झालं. पोरांनी लगेच जमातीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही टाकलं, ‘जोहरनंतर नमाजे जनाजा’. आमचा एक चुलतभाऊ चाकणला कंपनीत कामाला आहे. लहानपणी त्याला याच खालांनी सांभाळलेलं. त्याला फोन कुणीच केला नाही. जो तो म्हणाला, ग्रुपवर टाकलंय म्हणजे कळलंच असेल. पण त्या ग्रुपवर रोज शे-दीडशे मेसेज पडायचे, म्हणून त्याने आवाजच बंद करून ठेवला होता. फुलांची चित्रं, क्रिकेट आणि आदल्या रात्रीच्या कर्जमाफीच्या भांडणाखाली ती खबर दबून गेली. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत त्याला दिसली तेव्हा इकडे जनाजा उठायची वेळ झाली होती. मिट्टी देणं त्याच्या नशिबी आलं नाही. अजूनही तो विषय निघाला की तो खाली मान घालतो.

चूक कुणाची? पोरांनी मेसेज टाकला होता, मोबाईलही चालू होता. पण ग्रुप ही गोष्ट नेमकी कशी चालते, तिच्यात कुठली सोय कशासाठी आहे, हे आम्ही कुणी समजूनच घेतलं नव्हतं. आजचा लेख त्यासाठीच आहे.

गाव आता दोन ठिकाणी राहतं

माजलगाव तालुक्यातलं दिंद्रुड घ्या, नाहीतर बीड जिल्ह्यातलं दुसरं कुठलंही गाव. दिवाळीच्या आसपास ऊसतोडीचा हंगाम सुरू झाला की कितीतरी घरांना कुलूप लागतं. माणसं पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या कारखान्यांवर जातात, ती उन्हाळ्याच्या तोंडावर परततात. पोरं पुण्यात, मुंबईत, काही आखातात. सगळी जमात एका जागी असते ती फार तर ईदला. बाकीचे दिवस गावाला एकत्र बांधतो तो मोबाईल.

याची सुरुवात व्हॉट्सॲपने झाली नाही. २००७ मध्ये मुंबईतून ‘एसएमएस गपशप’ नावाची सेवा निघाली होती. साध्या बटणाच्या फोनवरून एक एसएमएस पाठवला की तो ग्रुपमधल्या सगळ्यांना जायचा. पुढे नको असलेल्या एसएमएसचा त्रास एवढा वाढला की सप्टेंबर २०११ मध्ये ‘ट्राय’ने दिवसाला १०० एसएमएसची मर्यादा घातली आणि दोनच महिन्यांत ती २०० केली.

तोवर व्हॉट्सॲप आलं होतं. ते २००९ मध्ये अमेरिकेत सुरू झालं आणि २०१४ मध्ये फेसबुकने १९ अब्ज डॉलरला विकत घ्यायचं ठरवलं. आपल्याकडे खरी लाट आली ती ५ सप्टेंबर २०१६ रोजी जिओ सुरू झाल्यावर. डेटा स्वस्त झाला. सप्टेंबर २०१८ मध्ये बटणाच्या जिओफोनवरही व्हॉट्सॲप मिळालं, तेव्हा स्मार्टफोन न परवडणारी घरंही त्यात आली. ग्रुपची मर्यादा २०१६ मध्ये २५६ होती, २०२२ मध्ये ती आधी ५१२ आणि मग १०२४ झाली. म्हणजे एखादी अख्खी गल्लीच नाही, तर लहान गावातली सगळी मोठी माणसं एका ग्रुपमध्ये मावतील.

मधे कुणी वाचणारा नाही

एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपवरचा मेसेज पाठवणाऱ्याच्या फोनवर कुलूपबंद होतो आणि घेणाऱ्याच्या फोनवरच उघडतो. मधे कंपनीलाही तो वाचता येत नाही. नवरा-बायकोचं बोलणं, आजारपणाचे कागद, घरातली भांडणं यासाठी हे चांगलंच आहे.

पण याची दुसरी बाजू लक्षात घ्यायला हवी. मधे कुणीच वाचत नाही, म्हणून मधे कुणी तपासतही नाही. वर्तमानपत्रात बातमी छापण्याआधी निदान एक उपसंपादक असतो. चावडीवर खोटं बोललं तर समोरचा तोंडावर विचारतो, ‘तुला कुणी सांगितलं?’ ग्रुपवर यातलं काहीच नाही. खरं-खोटं पाहण्याचं काम ज्याच्या हातात फोन आहे त्याच्यावर येतं, आणि तो तेव्हा बस पकडायच्या घाईत असतो.

आणखी एक. ग्रुप बंद खोलीसारखा वाटतो, पण तो तसा नाही. कुलूप फक्त वाटेवर आहे. पोहोचलेला मेसेज कुणीही पुढे ढकलू शकतो, त्याचा फोटो काढू शकतो. रागाच्या भरात घरच्या ग्रुपवर लिहिलेली ओळ संध्याकाळी तालुक्याच्या ग्रुपवर दिसू शकते.

एका मेसेजने काय झालं

१ जुलै २०१८. धुळे जिल्ह्याच्या साक्री तालुक्यातलं राईनपाडा, आठवडी बाजाराचा दिवस. सोलापूर जिल्ह्यातल्या मंगळवेढा भागातून भिक्षा मागायला आलेली पाच माणसं, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची. त्या दिवसांत ‘मुलं पळवणारी टोळी फिरतेय’ असे मेसेज सगळीकडे फिरत होते. या परक्या माणसांवर संशय आला, गर्दी जमली, आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून पाचही जणांना ठार मारलं. टोळी वगैरे काही नव्हती. मेलेले गरीब होते, आणि मारणाऱ्या हातांतही गरीब माणसं होती.

त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आलेल्या मेसेजवर ‘फॉरवर्ड’ अशी खूण दाखवायला सुरुवात केली आणि भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल असं जाहीर केलं. २०१९ मध्ये ही मर्यादा जगभर लागू झाली. एप्रिल २०२० मध्ये, आधीच खूप वेळा पुढे गेलेला मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पाठवता येईल असा नियम आला. कंपनीच्या म्हणण्याप्रमाणे त्यानंतर असे मेसेज ७० टक्क्यांनी घटले. म्हणजे बटणाची जागा थोडी बदलली तरी माणसं थांबतात. हे सॉफ्टवेअरच्या जगातलं मोठं शिक्षण आहे.

त्याआधीची एक आठवण आपल्या घरांत अजून ओली आहे. २ जून २०१४. फेसबुकवर महापुरुषांची बदनामी करणारी चित्रं फिरल्यामुळे पुण्यात तणाव होता. सोलापूरचा मोहसीन शेख हा तरुण हडपसरमध्ये कंपनीत नोकरी करायचा. नमाज पढून परतत असताना जमावाने त्याला मारून टाकलं. त्या चित्रांशी त्याचा काडीचाही संबंध नव्हता. जानेवारी २०२३ मध्ये पुण्याच्या न्यायालयाने आरोपींची निर्दोष मुक्तता केली. पोस्ट टाकली कुणी आणि जीव गेला कुणाचा!

आणि फार लांब कशाला, आपला तालुकाच बघा. ३० ऑक्टोबर २०२३. मराठा आरक्षणाच्या आंदोलनाच्या दिवसांत माजलगावचे आमदार प्रकाश सोळंके यांच्या नावाची एक ध्वनिफीत मोबाईलवर फिरली. त्यानंतर माजलगावातल्या त्यांच्या बंगल्याला जमावाने आग लावली. जाळपोळ बीड शहरापर्यंत गेली. संचारबंदी लागली, जिल्ह्यात इंटरनेट बंद झालं. त्या दिवसांत बाहेरगावच्या माणसाला घरी सगळे सुखरूप आहेत की नाही, एवढं कळायलाही साधा फोन लावावा लागत होता.

तीन प्रसंग, तीन वेगळे समाज. पण क्रम एकच. आधी मेसेज येतो, मग राग, मग गर्दी, आणि ‘खरं काय?’ हा प्रश्न सगळ्यात शेवटी. सूरह हुजुरातमध्ये आपल्याला नेमकी उलटी रीत सांगितली आहे: खबर आली की आधी शहानिशा, नाहीतर अजाणतेपणी कुणाचं तरी नुकसान करून बसाल आणि मग पस्तावाल. ज्या जमातीला ही ताकीद आहे, तिच्या ग्रुपवर तरी क्रम उलटा असू नये.

ग्रुप लावायचा कसा

आता कामाचं बोलू. खालच्या सगळ्या सोयी फुकट आहेत आणि फोनमध्ये आधीपासून आहेत.

एलान वेगळं, गप्पा वेगळ्या. जमातीचे दोन ग्रुप करा. एका ग्रुपची सेटिंग अशी ठेवा की त्यात फक्त ॲडमिनलाच लिहिता येईल. तिथे चारच गोष्टी जातील: मय्यत, नमाज-ईदच्या वेळा, गावातली तातडीची अडचण, सरकारी कामाची खात्रीची माहिती. बाकी शुभेच्छा, क्रिकेट, राजकारण दुसऱ्या ग्रुपवर. सगळ्यांना सांगा, गप्पांच्या ग्रुपचा आवाज खुशाल बंद करा, एलानचा कधीच करू नका. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये ‘कम्युनिटी’ नावाची सोय आणली, तिच्यात असे वेगवेगळे ग्रुप एका छत्राखाली बांधता येतात.

ॲडमिन एकटा नको. निदान चार असू द्या: एक वडीलधारा, एक गावात राहणारा तरुण, एक बाहेरगावी असणारा आणि एक बाई. एकाचा फोन पाण्यात पडला तरी जमात मुकी होणार नाही.

दरवाजावर माणूस ठेवा. नवीन सदस्य ॲडमिनच्या मंजुरीनेच आत येईल अशी सेटिंग आहे, ती चालू करा. ग्रुपची लिंक स्टेटसवर, फेसबुकवर टाकू नका. लिंक म्हणजे घराची किल्लीच आहे. खोट्या नावाने आत शिरून एखादा घाणेरडा मेसेज टाकायचा आणि त्याचा फोटो काढून ‘बघा, यांच्या ग्रुपवर काय चालतं’ म्हणत फिरवायचा, हे काम पाच मिनिटांचं आहे.

आई-बहिणींचे नंबर जपा. साध्या ग्रुपमध्ये प्रत्येकाचा नंबर प्रत्येकाला दिसतो. म्हणून बऱ्याच घरांतल्या बाया ग्रुपमध्ये यायलाच नको म्हणतात, आणि त्यांचं बरोबर आहे. कम्युनिटीच्या एलान ग्रुपमध्ये सदस्यांचे नंबर अनोळखी लोकांपासून झाकलेले राहतात. २०२३ मध्ये भारतात आलेल्या ‘चॅनल’मध्येही तसंच. शिवाय ‘मला ग्रुपमध्ये कोण घेऊ शकतं’ ही सेटिंग २०१९ पासून आहे. घरातल्या प्रत्येक फोनवर तिथे ‘फक्त माझे संपर्क’ निवडा.

आवाजात सांगा, अक्षरातही लिहा. आपल्या घरांत बोलणं दखनीत, पोरांची शाळा मराठीत, आणि जुन्या माणसांना उर्दू लिपी जवळची. एकाच लिपीत लिहिलं की कुणीतरी सुटतंच. अर्ध्या मिनिटाचा आवाजी मेसेज आणि खाली दोन ओळी मराठीत, एवढं केलं की आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं.

मय्यतीचा मेसेज कसा असावा हेही ठरवून टाका: मयताचं नाव, कुणाचे वडील किंवा कुणाची आई, नमाजे जनाजाची वेळ आणि जागा, दफन कुठल्या कब्रस्तानात, विचारपूस करायला एक नंबर. आणि सगळ्यात महत्त्वाचं, जवळच्या माणसाला फोनच लावायचा. तो कोण लावणार, हे घरातच वाटून घ्यायचं. मेसेज टाकला म्हणजे खबर दिली असं होत नाही. आम्ही हे फार महागात शिकलो.

सगळं व्हॉट्सॲपवर कशाला?

रात्री चोर शिरले, आग लागली, लहान मूल हरवलं, अशा वेळी लोक झोपलेले असतात. मेसेज सकाळी वाचून काय उपयोग? यासाठी महाराष्ट्रातल्या अनेक गावांनी ‘ग्राम सुरक्षा यंत्रणा’ वापरली आहे. गावकऱ्यांचे नंबर आधी नोंदवलेले असतात. अडचणीतल्या माणसाने ठरलेल्या टोल फ्री क्रमांकावर फोन करून आपल्या आवाजात सांगितलं की तोच आवाज नोंदवलेल्या सगळ्यांच्या फोनवर कॉल म्हणून जातो. इंटरनेट लागत नाही, साधा फोनही चालतो. इंटरनेट बंद असलेल्या दिवसांतही हाक पोहोचते. नाशिक, नगर, पुणे या जिल्ह्यांत पोलिसांनीच पुढाकार घेऊन ती गावोगावी पोहोचवली. दिंद्रुडला तर पोलीस ठाणं गावातच आहे. आपल्या गावाची नोंद आहे का, नसेल तर काय करावं लागेल, हे जमातीच्या आणि गावच्या चार माणसांनी मिळून तिथे जाऊन विचारावं. चोर आणि आग जात-धर्म बघत नाहीत, म्हणून ही नोंद अख्ख्या गावाची झाली तरच उपयोगाची.

टेलिग्रामवर ग्रुपमध्ये दोन लाखांपर्यंत माणसं बसतात. तिथे अनोळखी गर्दी असते, जमातीच्या कामाला ते नको. २०१५ मध्ये सुरू झालेलं शेअरचॅट मराठीत आहे, करमणुकीला ठीक आहे, पण तिथे टाकलेलं सगळ्या जगाला दिसतं.

आणि एक गोष्ट कायम ध्यानात ठेवा, ही घरं भाड्याची आहेत. ऑर्कुट सप्टेंबर २०१४ मध्ये बंद झालं. टिकटॉकवर जून २०२० मध्ये एका रात्रीत बंदी आली. देशी म्हणून गाजलेलं ‘कू’ जुलै २०२४ मध्ये बंद पडलं. तिथे लोकांनी जमवलेली माणसं, फोटो, ओळखी सगळं विखुरलं. म्हणून जमातीच्या घरांची यादी, नावं आणि नंबर एका जाड वहीत लिहून मशिदीच्या कपाटात ठेवा. दरवर्षी रमजानच्या आधी ती तपासा. ॲप बंद पडेल, वही राहील.

कागद आणि पैसा ग्रुपवर नको

‘लाडकी बहीण’सारखी योजना निघाली की ग्रुपवर आधार कार्ड, बँक पासबुक, रेशन कार्डाचे फोटो धडाधड पडू लागतात. ‘भाई, जरा बघा बरं बरोबर आहे का.’ मदत मागण्यात काही चूक नाही, पण तो कागद आता शेकडो फोनमध्ये जाऊन बसला. कागद पाठवायचाच तर ज्याला द्यायचा त्या एकालाच पाठवा, आणि काम झालं की काढून टाका.

लग्नपत्रिका, वाहनाचं चलान, बँकेचं केवायसी अशा नावाने फाईल येते आणि तिच्या नावाच्या शेवटी ‘एपीके’ असतं. ती पत्रिका नसते, ते ॲप असतं. उघडलं की फोनमधले एसएमएस आणि ओटीपी चोराच्या हाती. ओळखीच्या माणसाकडून आली तरी उघडू नका, त्याचाही फोन आधीच गेलेला असू शकतो. पैसे गेलेच तर लाजून गप्प बसू नका. ताबडतोब १९३० वर फोन करा. जितका उशीर, तितके पैसे पुढच्या खात्यांत सरकत जातात. आणि व्हॉट्सॲपला सहा आकडी पिन लावून ठेवा, म्हणजे नुसता ओटीपी चोरून कुणी तुमच्या नावाने जमातीकडे उसने पैसे मागणार नाही.

ॲडमिनने घाबरायचं का?

‘ग्रुपवर कुणी काही टाकलं तर ॲडमिन आत जातो’, या भीतीने चांगली माणसं ॲडमिन व्हायला तयार नसतात. गोंदिया जिल्ह्यातल्या एका प्रकरणात मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने मार्च २०२१ मध्ये हे स्पष्ट केलं. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मेसेजसाठी केवळ ॲडमिन आहे म्हणून त्याला गुन्हेगार धरता येत नाही, दोघांचा मिळून तसा बेत होता हे दिसलं पाहिजे.

पण निर्धास्त होऊ नका. तेव्हा ॲडमिनला दुसऱ्याचा मेसेज पुसता येत नव्हता. २०२२ पासून येतो. हातात झाडू आल्यावर अंगण घाण का ठेवलं, असं कुणीही विचारेल. म्हणून वाईट मेसेज दिसला की आधी त्याची नोंद म्हणून एक फोटो काढून ठेवा, मेसेज पुसा, टाकणाऱ्याला फोन करून समज द्या, ऐकत नसेल तर काढा. प्रकरण गंभीर असेल तर स्वतःहून ठाण्यात सांगा. टाकणाऱ्यावर मात्र कायदा कडक आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत समाजांत द्वेष पसरवण्यासाठी कलम १९६, धर्मभावना मुद्दाम दुखावण्यासाठी २९९ आणि खोट्या अफवांसाठी ३५३ आहे. ‘मी फक्त फॉरवर्ड केलं’ एवढं सांगून सुटका होत नाही. स्टेटस ठेवणारी पोरं बहुतेक सोळा-अठरा वर्षांची असतात. एका रात्रीच्या जोशात पोलीस भरतीचं, नोकरीचं, पासपोर्टचं स्वप्न जातं. घरातल्या मोठ्यांनी हे ओरडून सांगण्यापेक्षा जवळ बसवून सांगावं.

या जुम्म्याला एवढं करा

फार मोठी समिती नको. जुम्म्याच्या नमाजनंतर दहा माणसं थांबा. एलानचा ग्रुप वेगळा करा, चार ॲडमिन ठरवा, वही काढा. ज्यांच्याकडे फोनच नाही अशा म्हाताऱ्यांची आणि एकट्या बायांची नावं त्याच वहीत वेगळी लिहा आणि प्रत्येकासमोर शेजारच्या एका पोराचं नाव टाका, त्याने दारात जाऊन सांगायचं. भोंगा आहे, फोन आहे, आणि दार ठोठावणारा हातही आहे. तिन्ही लागतात.

आमच्याकडे आता एलानचा ग्रुप वेगळा आहे. चाकणच्या आमच्या भावाने त्याला वेगळी रिंगटोन लावलीय. महिन्यातून दोन-चारदाच वाजते, पण वाजली की मशीनवरचा हात थांबवून तो आधी फोन बघतो.